राजा गेला, पुढे कोण? : व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने निवडलेले गव्हर्नर

परकीय सत्ता झुगारून देण्याचे काम कठीण खरेच. परंतु त्याहूनही कठीण असे एक काम त्याच्या दुसऱ्या दिवशी उभे राहते. काल जो हुकूम देत होता तो आज गेला. आता हुकूम कोणी द्यावयाचा? सैन्याला धान्य कोणी पुरवावयाचे, कैद्याची शिक्षा कोणी माफ करावयाची, शेजारच्या राज्याच्या पत्राला उत्तर कोणाच्या सहीने जावयाचे? क्रांतीच्या व्याख्यानांत या प्रश्नांना फारसे स्थान नसते. मात्र इतिहासात अनेक क्रांत्या याच प्रश्नांच्या खडकावर आपटून फुटलेल्या दिसतात. ज्याला घालवले त्याच्यापेक्षाही मोठा हुकूमशहा लोकांनी स्वतःच्याच हातांनी गादीवर बसविला, असे पुष्कळदा घडले आहे.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात व्हर्जिनिया या राज्याने या प्रश्नाचे जे उत्तर शोधले, ते मुळातून समजावून घेण्यासारखे आहे. त्या उत्तरात शहाणपण होते आणि उणिवाही होत्या. त्या उणिवा ऐन युद्धात उघड्या पडल्या, हे त्या कथेतील विशेष.

व्हर्जिनियाची राजधानी त्या वेळी विल्यम्सबर्ग येथे होती. इंग्लंडच्या राजाने नेमलेला गव्हर्नर तेथील प्रासादात राहत असे. लोकांनी निवडलेले सभागृह होते. परंतु ते बोलवावयाचे केव्हा, तहकूब करावयाचे केव्हा आणि अडचणीचे वाटले तर बरखास्त करावयाचे केव्हा, हे सारे गव्हर्नरच्या मर्जीवर अवलंबून असे. १७७४ च्या मे महिन्यात लॉर्ड डन्मोर या गव्हर्नरने सभागृह बरखास्त केले, तेव्हा सभासद जवळच्याच एका खानावळीत जमले आणि त्यांनी आपले काम तेथे चालू ठेवले. १७७५ च्या एप्रिलमध्ये डन्मोरने शस्त्रागारातील दारू रातोरात हलविली, त्यामुळे लोक खवळले. आणि जूनमध्ये तो स्वतःच प्रासाद सोडून जहाजावर आश्रयाला गेला. गव्हर्नरची गादी अशा रीतीने रिकामी झाली.

साठ, पंचेचाळीस आणि एक

१७७६ च्या मे महिन्यात विल्यम्सबर्ग येथे लोकप्रतिनिधींची परिषद भरली. १५ मे रोजी तिने फिलाडेल्फिया येथील आपल्या प्रतिनिधींना स्वातंत्र्याचा ठराव मांडण्याची आज्ञा केली. १२ जून रोजी जॉर्ज मेसन याने मुख्यतः सिद्ध केलेला हक्कांचा जाहीरनामा संमत झाला, आणि २९ जून रोजी राज्याची घटना स्वीकारण्यात आली. अमेरिकेच्या प्रसिद्ध स्वातंत्र्यघोषणेच्या आधी पाच दिवस हे घडले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

घटनेने गव्हर्नर हे पद ठेवले. परंतु त्याचे दात आणि नखे काढून ठेवली. गव्हर्नरची निवड दरवर्षी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी गुप्त मतदानाने करावयाची. प्रत्येक सभागृहाने आपापल्या ठिकाणी मतपत्रिका घालावयाच्या, मग दोन्हीकडील सभासदांच्या समितीने पेट्या एकत्र उघडून मते मोजावयाची. एका माणसाला लागोपाठ तीन वर्षांहून अधिक काळ या पदावर राहता येणार नाही, आणि पायउतार झाल्यावर चार वर्षे पुन्हा उभे राहता येणार नाही. विधिमंडळाने संमत केलेला कायदा नाकारण्याचा अधिकार त्याला नाही. सभागृह बरखास्त करण्याचा अधिकार तर मुळीच नाही. डन्मोरची आठवण ताजी होती. शिवाय आठ जणांचे एक सल्लागार मंडळ, तेही विधिमंडळानेच निवडलेले. त्याच्या सल्ल्यावाचून गव्हर्नरने महत्त्वाचे काहीच करावयाचे नाही. इंग्लंडच्या कोणत्याही रूढीचा वा कायद्याचा आधार घेऊन कसलाही विशेषाधिकार सांगावयाचा नाही, हेही घटनेत स्पष्ट लिहिले होते.

आपल्या घटनेतील राज्यपाल आणि हा गव्हर्नर यांत वाचकांनी गल्लत करू नये. व्हर्जिनियाचा गव्हर्नर नामधारी नव्हता. राज्याचा प्रत्यक्ष कारभार पाहणारा तोच होता. पण त्याचा हात धरून ठेवणारे हात मात्र पुष्कळ होते.

घटना संमत झाली त्याच दिवशी परिषदेने पहिला गव्हर्नर निवडला. पॅट्रिक हेन्री याला ६० मते पडली, टॉमस नेल्सन याला ४५, आणि जॉन पेज याला अवघे १. हेन्री चाळीस वर्षांचा, वकील, आणि त्या काळातील सर्वांत प्रभावी वक्ता. नेल्सन हे साठीच्या घरातील गृहस्थ. जुन्या राजवटीत वसाहतीचे चिटणीस म्हणून त्यांनी काम केलेले. पहिल्याच निवडणुकीत जोशाची बाजू आणि सावधपणाची बाजू अशा रीतीने समोरासमोर आल्या आणि जोशाची बाजू पंधरा मतांनी पुढे गेली. डन्मोर ज्या प्रासादातून पळाला, त्याच प्रासादात हेन्री राहावयास गेला. मात्र मागच्या रहिवाशाला राजाने पाठविले होते, आणि या रहिवाशाला दर वर्षाअखेरीस आपल्याच गावकऱ्यांपुढे मते मागावयास यावे लागणार होते. पुढील दोन वर्षे हेन्रीची निवड बिनविरोध झाली. तीन वर्षे पूर्ण होताच घटनेने त्याला बाजूला केले.

दोन मित्रांची लढत

१ जून १७७९ रोजी दुसऱ्या गव्हर्नरची निवड झाली, आणि ती मोठी चुरशीची ठरली. टॉमस जेफर्सन, जॉन पेज आणि जनरल टॉमस नेल्सन असे तिघे उमेदवार होते. हा नेल्सन म्हणजे १७७६ च्या उमेदवाराचा पुतण्या. पहिल्या फेरीत जेफर्सनला ५५, पेजला ३८ आणि नेल्सनला ३२ मते पडली. कोणालाच निम्म्याहून अधिक नाहीत. दुसऱ्या फेरीत जेफर्सन ६७ आणि पेज ६१. केवळ सहा मतांच्या अंतराने छत्तीस वर्षांचा जेफर्सन गव्हर्नर झाला.

जेफर्सन आणि पेज हे विल्यम्सबर्गच्या महाविद्यालयातील जिवलग मित्र. निवडणुकीनंतर दोघांत पत्रव्यवहार झाला. मित्रांच्या उत्साहामुळे आपण एकमेकांसमोर उभे केले गेलो याचे आपणास वाईट वाटले, आणि मतांतील एवढ्याशा फरकाने आनंद वा खेद मानण्याचे कारण नाही, अशा आशयाचे उत्तर जेफर्सनने पेजला धाडले. त्यांची मैत्री शेवटपर्यंत टिकली. १७७६ मध्ये ज्याला एकच मत पडले होते तो पेज १८०२ मध्ये विधिमंडळाच्याच मतांनी व्हर्जिनियाचा गव्हर्नर झाला. तेव्हा जेफर्सन साऱ्या देशाचा अध्यक्ष होता. निवडणुकीतील पराभव म्हणजे जन्माचे वैर, अशी समजूत आपल्याकडे ग्रामपंचायतीपासून पतपेढीपर्यंत रुजलेली दिसते. त्या पार्श्वभूमीवर हे उदाहरण मुलांना अवश्य सांगावे.

संकटाची कसोटी

अधिकार वाटून ठेवण्याची व्यवस्था शांततेत शोभून दिसते. तिची परीक्षा संकटात होते. १७८१ चे वर्ष व्हर्जिनियाला फार वाईट गेले. राजधानी आदल्याच वर्षी रिचमंडला हलविली होती. जानेवारीत बेनेडिक्ट आर्नल्ड या फितूर झालेल्या सेनानीने इंग्रजांच्या बाजूने चाल करून रिचमंडची नासधूस केली. पुढे लॉर्ड कॉर्नवॉलिसची मोठी सेना राज्यात शिरली. विधिमंडळ रिचमंड सोडून शार्लट्सव्हिलला गेले. तेथेही त्याला पकडण्यासाठी टार्लटन हा घोडदळाचा अधिकारी धावला. जॅक जूएट नावाच्या तरुणाने ३ जूनच्या रात्री आडवाटेने सुमारे चाळीस मैल घोडा फेकला आणि पहाटे ही वार्ता पोहोचविली. बहुतेक सभासद निसटले, काही पकडले गेले. जेफर्सनने शत्रू जवळ येईतो आपले मॉन्टिसेलो येथील घर सोडले नव्हते. तोही अगदी थोडक्यात वाचला.

गंमत अशी, की जेफर्सनच्या मते त्याची दुसऱ्या वर्षाची मुदत २ जूनलाच संपली होती, आणि पुन्हा उभे न राहण्याचा त्याचा निश्चय होता. नवा गव्हर्नर निवडावयाचा तर निवडणारेच डोंगरापलीकडे पळत सुटलेले. राज्याला ऐन लढाईत काही दिवस रीतसर निवडलेला प्रमुखच नव्हता. सल्लागार मंडळातील विल्यम फ्लेमिंग याने तेवढ्यापुरता कारभार सांभाळला. अखेर स्टॉन्टन गावातील चर्चमध्ये विधिमंडळ जमले आणि १२ जून रोजी त्याने जनरल टॉमस नेल्सनला गव्हर्नर निवडले.

याच धामधुमीत एक घातक विचार पुढे आला. या वार्षिक निवडणुका, ही सल्लागार मंडळे, हे ठराव आता पुरेत. सर्व अधिकार एकाच माणसाच्या हाती देऊन त्याला सर्वाधिकारी नेमावे! १७७६ च्या डिसेंबरातही असाच विचार निघाला होता. दोन्ही वेळा तो थोडक्यात फसला, असे जेफर्सनने आपल्या व्हर्जिनियाविषयीच्या ग्रंथात नमूद केले आहे. पुढे एका चरित्रकाराने नोंदविलेली एक आख्यायिकाही प्रसिद्ध आहे. हेन्रीला सर्वाधिकारी करण्याची कुजबूज कानी येताच सिनेटचा अध्यक्ष आर्चिबाल्ड केरी याने हेन्रीच्या सावत्र भावाला बजावले, की ज्या दिवशी नेमणूक होईल त्याच दिवशी त्याच्या छातीत खंजीर घुसेल. आख्यायिकेचा खरेखोटेपणा काहीही असो, राजा घालवून पुन्हा राजा आणावयाचा नाही, ही जिद्द त्या सभागृहात किती तीव्र होती हे तिच्यातून कळते.

जेफर्सनचा युक्तिवाद समजावून घेण्याजोगा आहे. त्याचा आशय असा, की घटनेने जो अधिकार कोणाला दिलाच नाही, तो संकटाचे निमित्त करून प्रतिनिधी दुसऱ्याला देऊ शकत नाहीत. लोकांनी राज्य चालविण्यासाठी त्यांना पाठविले आहे, राज्य दान करण्यासाठी नव्हे. मात्र त्याच ग्रंथात त्याने आपल्या राज्याच्या घटनेवरही कठोर टीका केली. सारे अधिकार एका राजाच्या हातून काढून पावणेदोनशे सभासदांच्या हाती दिले, म्हणून जुलूम नाहीसा होत नाही. जुलूम करणारे केवळ संख्येने वाढतात, असे त्याचे म्हणणे होते. स्वतः गव्हर्नर म्हणून हात बांधलेल्या अवस्थेत युद्ध चालविल्यानंतरचे हे मत आहे.

निवडणाऱ्यांनी मागितलेला जाब

ज्या दिवशी नेल्सनची निवड झाली, त्याच दिवशी जॉर्ज निकोलस या तरुण सभासदाच्या सूचनेवरून विधिमंडळाने आणखी एक ठराव केला : गेल्या बारा महिन्यांतील कारभाराची चौकशी पुढील अधिवेशनात व्हावी. हा रोख सरळ जेफर्सनवर होता. राज्याचे रक्षण करण्यात त्याने कसूर केली आणि शत्रू येताच तो पळाला, अशी कुजबूज सर्वत्र चालू होती.

जेफर्सनला हे फार लागले. तरी त्याने निवडलेला मार्ग पाहण्यासारखा आहे. तो आपल्या परगण्यातून प्रतिनिधी म्हणून निवडून आला, डिसेंबरात सभागृहात उभा राहिला, आपल्यावरील आक्षेप त्याने स्वतःच एकेक वाचून दाखविले आणि एकेकाचे उत्तर दिले. १२ डिसेंबर १७८१ रोजी सभागृहाने त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल आणि कर्तव्यनिष्ठेबद्दल आभाराचा ठराव एकमताने संमत केला. काही दिवसांनी सिनेटनेही त्याला मान्यता दिली. निवडणाऱ्या सभेला जाब विचारण्याचा हक्क आहे, आणि ज्याला जाब विचारला त्याने तिच्यासमोर येऊनच उत्तर द्यावे, या दोन्ही गोष्टी या प्रसंगात एकत्र आल्या.

नेल्सनची कहाणी दुसऱ्या टोकाची. तो गव्हर्नरही होता आणि राज्याच्या सैन्याचा सेनापतीही. यॉर्कटाउनच्या वेढ्यासाठी त्याने माणसे, धान्य, गाड्या, जनावरे गोळा केली. त्या घाईत सल्लागार मंडळाची रीतसर संमती घेण्यास त्याला अनेकदा सवड मिळाली नाही. १९ ऑक्टोबर १७८१ रोजी कॉर्नवॉलिसने शरणागती पत्करली. पण घटनेचा भंग तो घटनेचा भंगच. पुढे विधिमंडळाला कायदा करून नेल्सनची ती कृत्ये वैध ठरवावी लागली. विजयी वीरालाही कागद पुरा करावा लागला, हे मला त्या विजयाइतकेच महत्त्वाचे वाटते. प्रकृती ढासळल्याने नेल्सनने नोव्हेंबरात राजीनामा दिला आणि बेंजामिन हॅरिसन निवडून आला.

हा कॉर्नवॉलिस मराठी वाचकांना अपरिचित नाही. १७८६ मध्ये तो हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल म्हणून आला, आणि १७९२ मध्ये टिपूविरुद्ध श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात हरिपंत फडक्यांची मराठी फौज त्याच्या सोबत होती. व्हर्जिनियात हेन्रीची निवड झाली त्या १७७६ सालीच इकडे पुरंदरचा तह झाला. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर बारभाईंनी तान्ह्या सवाई माधवरावांच्या नावाने कारभार हाती घेतला होता. एकाच माणसाच्या हाती सत्ता न देता ती अनेकांनी मिळून चालविण्याची निकड दोन्हीकडे होती. पण बारभाईंना निवडणारी सभा नव्हती आणि त्यांच्या अधिकाराला मुदतही नव्हती. दोन्हीकडे इंग्रजांशी युद्ध चालू होते. यॉर्कटाउनच्या पुढच्याच वर्षी ग्वाल्हेरजवळ सालबाईचा तह होऊन इकडचे युद्ध थांबले.

प्रयोगाचे गुणदोष

या प्रयोगाकडे भाबडेपणाने पाहणे योग्य होणार नाही. विधिमंडळाला मत देण्याचा हक्क फक्त जमीनजुमला बाळगणाऱ्या गोऱ्या पुरुषांना होता. स्त्रियांना तो नव्हता. राज्याच्या लोकसंख्येपैकी सुमारे दोन-पंचमांश माणसे गुलामीत होती. त्यांच्या दृष्टीने विल्यम्सबर्गच्या प्रासादात डन्मोर राहिला काय किंवा हेन्री राहिला काय, फरक थोडाच होता. गव्हर्नरला निवडणारे सभासदही स्वतः लोकांच्या संख्येप्रमाणे निवडलेले नव्हते. लहान परगण्यालाही दोन आणि मोठ्यालाही दोनच. राजाच्या जुलमाविरुद्ध उठलेल्या या सभेचा पाया एवढा अरुंद होता.

दुसरा दोष रचनेचा. ज्याला विधिमंडळ निवडते, त्याने विधिमंडळाला विरोध कसा करावयाचा? १७८७ मध्ये फिलाडेल्फियाला साऱ्या देशाची घटना तयार होऊ लागली, तेव्हा व्हर्जिनियाच्या प्रतिनिधींनी मांडलेल्या आराखड्यात देशाचा प्रमुखही विधिमंडळानेच निवडावा असे होते. ती योजना मांडणारा एडमंड रँडॉल्फ त्या वेळी स्वतः अशाच रीतीने निवडलेला गव्हर्नर होता. परिषदेने एकाहून अधिक वेळा हे कलम संमत केले. पण अखेर ते सोडून स्वतंत्र निर्वाचकांची पद्धत स्वीकारली. जेम्स मॅडिसनने व्हर्जिनियाच्या सल्लागार मंडळात काम केले होते. राज्यांतील गव्हर्नर बहुतेक शून्यवत आणि विधिमंडळे सर्वशक्तिमान झाली आहेत, हा त्याचा अनुभव त्या चर्चेत वजनदार ठरला. खुद्द व्हर्जिनियात मात्र विधिमंडळाने गव्हर्नर निवडण्याची पद्धत १८५१ पर्यंत चालली. मग तो हक्क मतदारांकडे गेला. साउथ कॅरोलायनात ती १८६५ पर्यंत टिकली.

हाच प्रश्न आपल्या घटनासमितीपुढेही आला होता. १९४८ च्या मसुद्यात राज्यपालाच्या निवडीसाठी दोन पर्याय दिलेले होते : एक, प्रौढ मतदारांनी थेट निवडावा, दुसरा, विधानमंडळाने चार नावे निवडावीत आणि त्यांतून राष्ट्रपतींनी एकाची नेमणूक करावी. १९४९ च्या मे महिन्यातील चर्चेनंतर दोन्ही बाजूला ठेवून सरळ नेमणुकीची पद्धत स्वीकारली गेली. निवडून आलेला राज्यपाल आणि विधानसभेला जबाबदार असलेला मुख्यमंत्री यांचे जुळणार कसे, ही अडचण तीत प्रमुख होती. खरा कारभार मुख्यमंत्र्याकडे गेला. आणि मुख्यमंत्री तोच, ज्याच्यामागे विधानसभेचे बहुमत आहे. म्हणजे १७७६ च्या कल्पनेतील गाभा, राज्याचा प्रमुख लोकांच्या प्रतिनिधींच्या विश्वासावर उभा असावा, आपण वेगळ्या वाटेने स्वीकारला. व्हर्जिनियात तो विश्वास वर्षातून एकदा मोजला जाई. आपल्याकडे तो कोणत्याही दिवशी मोजता येतो.

"मुख्यमंत्र्याला आम्ही मत का देत नाही?" असा प्रश्न नागरिकशास्त्राच्या तासाला हुशार मुले नेहमी विचारतात. त्याचे उत्तर व्हर्जिनियाच्या कथेत आहे. आपण मत देतो ते प्रमुखाला निवडणाऱ्याला, त्याला जाब विचारणाऱ्याला आणि वेळ आली तर त्याला घरी पाठविणाऱ्याला. म्हणून उमेदवार पारखताना, सर्वाधिकार एका हाती देण्याची हाकाटी होईल त्या दिवशी हा माणूस सभागृहात कोठे बसलेला असेल, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी विचारून पाहावे. आपण कर्नाटकात असू, गोव्यात असू, मध्य प्रदेशात, गुजरातेत किंवा तेलंगणात असू. जेथे आपले नाव मतदारयादीत आहे तेथील विधानसभेची जबाबदारी आपलीही आहे.

व्हर्जिनियाच्या घटना पुढे अनेकदा बदलल्या. गुलामी गेली, मताधिकार रुंदावला, सल्लागार मंडळ गेले, गव्हर्नरला नकाराधिकारही मिळाला. परंतु डन्मोरच्या काळातील तो जुना धसका एका नियमात अजून शिल्लक आहे. त्या राज्याच्या गव्हर्नरला आजही लागोपाठ दुसऱ्यांदा निवडून येता येत नाही. चार वर्षे झाली, की कितीही लोकप्रिय असला तरी त्याने प्रासाद रिकामा करावयाचा आणि इतरांप्रमाणे आपल्या घरी जावयाचे.